पडदा इथे, यंत्र तिथे

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळा शिवारात, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. लायगो-इंडिया हे तिचे नाव. काटकोनात पसरलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतील. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ रोजी कोनशिला बसवली गेली. त्याच जिल्ह्यात, कळमनुरीहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आखाडा बाळापूर हे बाजारपेठेचे गाव आहे. वेधशाळेतली मोजमापे उद्या बाळापूरच्या अगदी जवळ होतील. पण त्यांचा अर्थ लावण्याचे काम पुण्यातल्या आयुका संस्थेचा ‘सारथी’ क्लस्टर आणि परदेशातले असेच क्लस्टर करतील, म्हणजे शेकडो-हजारो किलोमीटरवरची यंत्रे. तेव्हा बाळापूरच्या दृष्टीने खरा प्रश्न असा की, दूरच्या यंत्रावर उमटलेले चित्र इथल्या पडद्यावर पाहता येईल का आणि नुसते पाहण्याऐवजी त्यावर हात चालवता येईल का. या प्रश्नाला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो सहसा एका अमेरिकी विद्यापीठाच्या कर्तबगारीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझे मत थोडे वेगळे आहे. त्या विद्यापीठात जी रचना जन्मली ती एका सुखवस्तू आवारासाठी होती. यंत्रे जवळ, वीज अखंड, शेजारी विश्वासाचे, हे सगळे तिने गृहीत धरले होते. मराठवाड्यासारख्या प्रदेशाच्या उपयोगी ती आली ती ही गृहीते मोडल्यावर आणि इतरांनी तिची डागडुजी केल्यावर. त्या डागडुजीतला सर्वांत मोलाचा भाग सर्वांत कमी सांगितला जातो.

१९८३ मध्ये त्या विद्यापीठाने, म्हणजे एमआयटीने, डीईसी आणि आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू केला. सगळ्या विद्यार्थ्यांना संगणक वापरता यावा हा हेतू, आणि अडचण अशी की निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांची भाषा बोलत नव्हती. १९८४ मध्ये बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी तिथे ‘एक्स’ नावाची खिडक्यांची व्यवस्था रचली. तिच्या मुळाशी एकच निर्णय होता: आज्ञावली ज्या यंत्रावर चालते त्याच यंत्राच्या पडद्यावर तिने चित्र काढले पाहिजे असे नाही. आज्ञावली नेटवर्कवरून सूचना पाठवते, इथे रेघ ओढ, इथे अक्षरे लिही, ही खिडकी पुढे आण; आणि समोरच्या टेबलावरचे यंत्र त्या सूचना ऐकून चित्र काढते. माउसची हालचाल आणि कळांची टकटक उलट्या दिशेने जाते. सप्टेंबर १९८७ मध्ये या व्यवस्थेची अकरावी आवृत्ती आली. नंतरची दोन-तीन दशके युनिक्स आणि लिनक्सच्या जगात पडदा म्हटले की हीच व्यवस्था असे. निर्णय विलक्षण दूरदृष्टीचा होता याबद्दल वाद नाही. मात्र तो घेताना डोळ्यांपुढे एका विद्यापीठाच्या इमारती होत्या आणि त्या वेगवान तारेने जोडलेल्या होत्या.

त्याच काळात इकडे काय होते? १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. क्रे महासंगणक देण्यात अमेरिकेने खळखळ केली म्हणून आपला महासंगणक आपणच बांधायचा, ही तिच्यामागची जिद्द. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. यंत्र पुण्यात उभे राहिले, पण त्याच्यापर्यंत पोचायला रस्ता कुठला? शिक्षण आणि संशोधन संस्थांचे अर्नेट हे जाळे नुकतेच विणले जात होते. १९९२ मध्ये मुंबईच्या एनसीएसटीतून अमेरिकेशी ६४ किलोबिटचा दुवा जोडला गेला, तेव्हा ती मोठी मजल मानली गेली आणि ती होतीही. आता हिशेब करून पाहा. आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके असलेला पडदा, प्रत्येक ठिपक्याला एक बाइट, म्हणजे एका चित्राचे जवळपास ६३ लाख बिट. सगळी लाइन एकट्याच्या हाती दिली तरी ६४ किलोबिटच्या वेगाने ते एक चित्र पोचायला ९८ सेकंद लागतात. ही लाइन तर अनेक संस्था मिळून वापरत होत्या. मजकूर पाठवता येत होता, पत्र पाठवता येत होते, चित्र मात्र नाही. म्हणून आपल्याकडे दूरच्या यंत्रावर काम करण्याची जी पिढी घडली ती काळ्या पडद्यावरच्या अक्षरांवर घडली. त्या सवयीतून एक मत रुजले आणि ते अजून ऐकू येते: खऱ्या कामाला चित्र लागत नाही, आज्ञा लिहिता आल्या की पुरे.

या मताला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण त्यात बराच खरेपणा आहे. क्लस्टर म्हणजे शेकडो साधे संगणक वेगवान जाळ्याने बांधून केलेले एक मोठे यंत्र. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारातल्या सुट्या संगणकांवर लिनक्स चढवून ‘बेओवुल्फ’ उभा केला, त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. २००७ मध्ये पुण्यातल्या टाटांच्या सीआरएल कंपनीने ‘एका’ बांधला. १,१७,००० अब्जांहून अधिक गणिते सेकंदाला करणारे हे यंत्र त्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत चौथ्या क्रमांकावर होते. अशा यंत्रावर काम रांगेत लावतात. काम लिहून द्यायचे, पाळी आली की ते आपोआप होते, निकाल फाइलीत पडतो. तिथे कोणी पडद्यापुढे बसलेले असावे अशी गरजच नाही. यंत्रे सांभाळणाऱ्यांचा आक्षेप आणखी रोकडा आहे: चित्राकडे बघत माणूस विचार करत बसतो, तेवढा वेळ त्याच्यासाठी राखलेले प्रोसेसर रिकामे राहतात आणि रांगेतले बाकीचे ताटकळतात. महागडे यंत्र असे अडवून ठेवणे परवडणारे नाही.

आक्षेप रास्त आहे, पण तो गणिताच्या मधल्या टप्प्याला लागू पडतो. गणिताच्या आधी आणि नंतर जो निवाडा करावा लागतो त्याला तो लागू पडत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, म्हणजे त्यांच्या ४३५ जोड्या. आणि प्रत्येक जोडी क्षणाक्षणाला शेकडो वारंवारतांवर मोजमाप नोंदवते. नव्या स्वरूपातल्या दुर्बिणीचा रात्रभराचा डेटा शंभर गीगाबाइटच्याही पुढे जाऊ शकतो. त्यात आकाशाचा संकेत असतो, तसाच मोबाइल टॉवरचा, विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा आणि उपग्रहांचा गोंगाटही असतो. हा गोंगाट निवडून काढल्याखेरीज आकाशाचे चित्र बनत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेने १९७८ पासून घडवलेली एआयपीएस ही आज्ञावली पुण्याच्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनीही वर्षानुवर्षे वापरली. तिच्यात ‘टीव्हीएफएलजी’ नावाचे काम याचसाठी आहे: वेळ एका अक्षावर, तबकड्यांच्या जोड्या दुसऱ्या अक्षावर, मोजमाप करड्या छटांत, आणि खराब पट्टा दिसला की माउसने त्यावर खूण करायची. आता स्वयंचलित पद्धती पुष्कळ सुधारल्या आहेत. तरी पद्धत चुकली कुठे हे शेवटी डोळाच सांगतो.

याहून बोलका पुरावा गुरुत्वीय लहरींच्याच इतिहासात आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाल्याची लहर पृथ्वीवर पोचली. फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा स्फोट त्यानंतर सुमारे १.७ सेकंदांनी टिपला. वेगवान स्वयंचलित शोधाने मात्र सूचना दिली ती लायगोच्या अमेरिकेतल्या दोन वेधशाळांपैकी फक्त हॅनफर्डची. लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत विलीनीकरणाच्या साधारण एक सेकंद आधी उपकरणाच्या आतलाच एक तीव्र खडखडाट मिसळला होता, म्हणून यंत्राने ती नोंद बाजूला ठेवली. शास्त्रज्ञांनी वेळ आणि वारंवारता यांचा आलेख डोळ्यांनी पाहिला तेव्हा त्या खडखडाटाच्या आरपार वर चढत जाणारी रेघ त्यांना स्पष्ट दिसली. लिव्हिंग्स्टनची नोंद जमेस धरल्यामुळे आकाशातली दिशा बरीच नेमकी ठरली, दुर्बिणी वळल्या आणि एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत ते ठिकाण सापडले. पुढे कित्येक महिने मागे उरलेल्या प्रभेवर नजर ठेवणाऱ्यांत खोडदची जीएमआरटीही होती. आज्ञा लिहिता आल्या की पुरे, असे म्हणणाऱ्यांनी त्या दिवसाचा विचार करावा. आणि प्रोसेसर रिकामे राहण्याच्या तक्रारीचा हिशेबही इथेच लागतो. चुकीच्या डेटावर आठवडाभर चाललेले गणित हे दहा मिनिटे विचार करत बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून जाणत्या केंद्रांनी चित्रे पाहण्यासाठी क्लस्टरमध्ये वेगळी यंत्रे राखली, आणि तो तोडगा योग्य होता.

गरज मान्य केली की मग वळायचे ते मूळ रचनेच्या गृहीतांकडे. विश्वासाचे गृहीत आधी कोसळले. आपला पडदा दूरच्या आज्ञावलीला मोकळा करून देण्यासाठी लोक सरसकट सगळ्या जगाला परवानगी देऊन टाकत. त्यातून परक्या माणसाला आपल्या पडद्यावरचे वाचता येई, आपण दाबलेल्या कळाही टिपता येत. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू यलोनेन यांनी एसएसएच हा सांकेतिक मार्ग लिहिला. लॉगिन आणि एक्सच्या खिडक्या दोन्ही त्याच बंद नळीतून जाऊ लागल्या. १९९९ पासून त्याचे मुक्त रूप ओपन-एसएसएच या नावाने मिळू लागले. आजही लिनक्स क्लस्टरवर एक्सची खिडकी मागवायची पहिली रीत हीच आहे. तिची ख्याती झालेली आहे, तिच्यावर अधिक लिहीत नाही.

अंतराचे गृहीत मोडायला अधिक वेळ लागला, कारण दुखणे काय आहे हेच बराच काळ नीट ओळखले गेले नाही. लाइन बारीक आहे, ती रुंद करा, की झाले, असे सगळे म्हणत. पण एक्सचा संवाद तहसील कचेरीतल्या कामासारखा चालतो: एक कागद द्या, उत्तर घ्या, मग दुसरा कागद कोणता ते कळते. मोठ्या आज्ञावलीची खिडकी उघडताना असे शेकडो हेलपाटे होत. लाइन कितीही रुंद केली तरी हेलपाट्याचा वेळ कमी होत नाही. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते बाळापूर सरळ रेषेत साधारण ४०० किलोमीटर धरा, म्हणजे एक हेलपाटा सेकंदाच्या हजारांश भागांत मोजला तर ४ भागांचा. ३०० हेलपाटे सव्वा सेकंदात उरकतात. पुण्याहून कॅलिफोर्नियाचे अंतर १३-१४ हजार किलोमीटर. निसर्गाने घातलेली किमान मर्यादाच १४० भागांच्या आसपास, म्हणजे तेच ३०० हेलपाटे ४२ सेकंद खातात. आणि ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्फत जायचे म्हटले तर एका हेलपाट्याला अर्धा सेकंद, सगळ्यांना मिळून जवळजवळ अडीच मिनिटे. अर्नेटने १९९० च्या दशकात उपग्रहावरचे व्हीसॅट जाळे उभारले होते; तार न पोचलेल्या संस्थांना ते वरदान होते, पण त्यावरून एक्सची खिडकी उघडणे म्हणजे धीराची परीक्षा. या आकड्यांतून एक गोष्ट निघते आणि ती हिंगोलीच्या दृष्टीने आशेची आहे. पुण्याचे यंत्र बाळापूरपासून प्रकाशाच्या हिशेबाने दूर नाहीच. जे दूर आहे ते वेगळ्या कारणाने.

ते कारण म्हणजे तुटणारी लाइन आणि जाणारी वीज. एक्सच्या मूळ रचनेत पडदा गेला की त्याच्यावर चित्र काढणारी आज्ञावलीही मरते. एमआयटीच्या आवारात याने फारसे बिघडत नव्हते. ग्रामीण महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे दिवसाला कित्येक तासांचे भारनियमन होते. मराठवाड्याने ते पुरेपूर सोसले आहे. चार तास चाललेले काम, त्यात लावलेल्या खुणा, अर्धवट बनलेले चित्र हे सारे लाइट गेल्याबरोबर नाहीसे होणार असेल, तर तिथला माणूस ते काम हाती घेणारच नाही. तो मंद आहे म्हणून नव्हे, हिशेबी आहे म्हणून. अक्षरांच्या पडद्यासाठी यावर उपाय केव्हाच निघाला होता. १९८७ मधली ‘स्क्रीन’ ही आज्ञावली दूरच्या यंत्रावर तुमची बैठक जिवंत ठेवी. चित्रांच्या पडद्याला ती सोय मिळाली ती केंब्रिजमध्ये, ऑलिव्हेट्टीच्या संशोधनशाळेत. तिथे अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी आधी एक्सची बैठक एका पडद्यावरून दुसऱ्यावर नेण्याचे प्रयोग केले आणि १९९८ मध्ये व्हीएनसी जगाला मोकळे करून दिले. त्यात सगळा पडदाच दूरच्या यंत्राच्या स्मृतीत रंगवला जातो आणि इकडे येतात ते फक्त बदललेले ठिपके. इकडचा संगणक बंद पडला तरी तिकडे काही हलत नाही. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावाहून, दुसऱ्याच यंत्रावरून जोडणी केली तर कर्सर जिथे सोडला होता तिथेच उभा असतो.

यापाठोपाठ २००३ मध्ये रोमच्या जियान फिलिप्पो पिंझारी यांनी नोमशीनचे एनएक्स आणले. त्यांनी हेलपाट्यांचे दुखणे मुळापासून धरले: एक्सच्या प्रश्नांना दूरच्या यंत्राशेजारीच उत्तरे द्यायची, उरलेले दाबून लहान करून पाठवायचे, आणि बैठक हवी तेव्हा निजवून हवी तेव्हा जागवायची. त्याचा जुना मुक्त गाभा घेऊन पुढे एक्सटूगो उभे राहिले, आणि आजही कितीतरी विद्यापीठांच्या क्लस्टरांवर ते चालते. मला या टप्प्याचे महत्त्व एमआयटीच्या टप्प्याइतकेच वाटते. आज्ञावली आणि पडदा यांची ताटातूट करणे हा एक शोध. ती ताटातूट मध्येच तुटली तरी काम न मरणे हा दुसरा. पहिल्याशिवाय दुसरा झाला नसता, हे मान्य. पण पहिल्याच्या बळावर हिंगोलीत बसून कोणाला काही करता आले नसते.

इथे एक्सच्या चाहत्यांची हरकत येते. व्हीएनसी म्हणजे दूरच्या पडद्याचा फोटो मागून फोटो. एक्समधली सूचनांची सुबक भाषा त्यात हरवते, एकेक खिडकी वेगळी मागवण्याची मोकळीक जाते. हरकत सौंदर्याच्या अंगाने बरोबर आहे. पण तोवर आज्ञावल्यांनीच ती भाषा सोडली होती. नव्या खिडक्या, गुळगुळीत अक्षरे, अर्धपारदर्शक रंग हे सारे आज्ञावली स्वतःकडेच रंगवते आणि एक्सला तयार ठिपके देते. २००८ मध्ये क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी एक्सचा वारस म्हणून वेलँड सुरू केले, तेव्हा जाळ्यावरून चित्र काढणे त्याच्या गाभ्यात ठेवलेच नाही. त्रिमितीय चित्रांनी तर निकालच लावला. भूगर्भातल्या तेलाचा शोध घेणाऱ्या लँडमार्क ग्राफिक्स कंपनीत व्हर्च्युअलजीएलचा जन्म झाला, कारण भूकंपीय डेटाचे प्रचंड ठोकळे टेबलावर आणणे अशक्य होते. ते चित्र डेटाशेजारच्या ग्राफिक्स कार्डावर काढून फक्त तयार प्रतिमा पाठवणे भाग पडले. हवामानशास्त्रातही तेच. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ ही यंत्रे मान्सूनच्या गणितांसाठी आली. अशा गणितांचे नकाशे काढणारी ग्रॅड्ससारखी जुनी आज्ञावली आपली खिडकी एक्सवरच उघडते. पण मराठवाड्यावरच्या पावसाचा एक नकाशा पाहायला त्यामागचा सगळा डेटा इकडे ओढून आणावा असे कोणीच म्हणणार नाही. चित्र डेटाजवळ काढा आणि फक्त चित्र प्रवासाला पाठवा, इकडेच सगळ्या वाटा वळल्या.

आज असेही म्हटले जाते की ब्राउझरने हा प्रश्न कायमचा मिटवला. त्यातला खरा भाग मोठा आहे. ओहायोच्या महासंगणन केंद्राने ऑनडिमांड घडवले, त्यामुळे क्लस्टरवरचा पूर्ण पडदा ब्राउझरच्या एका टॅबमध्ये उघडतो, वेगळे काही बसवावे लागत नाही. ज्युपिटर नोटबुकने आज्ञा आणि आलेख एकाच पानावर आणले. फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिल्या गुरुत्वीय लहरीची घोषणा झाली, तेव्हा लायगोने तिचा डेटा आणि तो उलगडणारी नोटबुक दोन्ही सर्वांना खुली केली. सेकंदाला ४०९६ नोंदी या हिशेबाने ३२ सेकंदांचा डेटा म्हणजे १,३१,०७२ आकडे, जेमतेम एक मेगाबाइट. बाळापूरच्या बाजारात उभे राहून मोबाइलवर तो उतरवता येतो. तरीही प्रश्न मिटला असे मी म्हणणार नाही. ब्राउझरच्या आत दडलेले असते ते बहुधा व्हीएनसीच, त्यामुळे बैठक टिकण्याचा गुण तिकडूनच आलेला आहे. शिवाय वेधशाळा म्हणजे नुसता डेटा नव्हे. लायगोच्या नियंत्रण कक्षातली आरसे, लेसर आणि निर्वात नळ्या यांची स्थिती दाखवणारी पाने एमईडीएम या आज्ञावलीवर उभी आहेत. ती अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत घडली आणि तिची खिडकी एक्सवरच उघडते. उपकरण चालवणाऱ्यांच्या जगात १९८४ चा निर्णय अजून जिवंत आहे, आणि दुधाळ्याच्या वेधशाळेत काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना तो शिकावाच लागेल.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र तंत्राचा नाही. यंत्र पुण्यात, चित्र पुण्यात, मग हिंगोलीच्या वाट्याला काय, नुसते पाहणे? ज्या परमच्या इतिहासाचा आपण अभिमान धरतो त्याचा धडा तर उलटा आहे: यंत्र आपल्या हाती असावे, दुसऱ्याच्या परवानगीवर राहू नये. या आक्षेपाची धार मी कमी करू इच्छित नाही. २०१५ मध्ये ४५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणन मोहीम मंजूर झाली. तिच्यातून पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आला, २६ सप्टेंबर २०२४ रोजी लोकार्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ यंत्रांपैकी एक जीएमआरटीच्या वाट्याला आले. महाराष्ट्रातल्या या मोठ्या यंत्रांचा नकाशा काढला तर तो पुण्याभोवतीच दाट होतो. मराठवाड्यात एक सक्षम क्लस्टर असावा ही मागणी मला न्याय्य वाटते, आणि नांदेडचे विद्यापीठ किंवा तिथले श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्यासाठी नैसर्गिक स्थळे आहेत. पण ती मागणी पूर्ण होईपर्यंत थांबायचे का? देश परमवरून जे शिकला ते थांबून नाही. शिवाय पाहणे ही दुय्यम गोष्ट आहे, हे लिव्हिंग्स्टनच्या त्या आलेखाने खोटे ठरवले आहे. ज्याच्या डोळ्यांपुढे चित्र आहे आणि हाताखाली माउस आहे, निवाडा तोच करतो, यंत्र कोणाच्या इमारतीत गरम होते याने फरक पडत नाही. आणि नांदेडला क्लस्टर आला तरी बाळापूर, वसमत, सेनगावच्या मुलांना त्यावर काम करायचे ते दुरूनच. दुरून काम करण्याची विद्या दोन्ही परिस्थितींत लागणारच.

रस्ता आता पूर्वीइतका अवघडही नाही. २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याने विद्यापीठे आणि संशोधन संस्था वेगवान तंतूने बांधल्या. २०११ मध्ये आखलेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेने ग्रामपंचायतींपर्यंत १०० मेगाबिटची लाइन नेण्याचे ठरवले. तिचे काम सगळीकडे सारखे झालेले नाही आणि तंतू तुटला की तो जोडायला कोण येणार हा गावोगावचा प्रश्न आहे. पण दाबून पाठवलेल्या पडद्याला लागते ती लाइन यापेक्षा कितीतरी बारीक, आणि ती मध्येच तुटली तर काय करायचे याचे उत्तर केंब्रिजमधून येऊनही पाव शतक उलटले. आता अडते ते खात्याशी. मोठ्या क्लस्टरवर खाते मिळते ते संस्थेच्या पत्रावर, एखाद्या मार्गदर्शकाच्या प्रकल्पाखाली. हिंगोली जिल्ह्यातल्या पदवी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याकडे असा प्रकल्प नसतो आणि असे पत्र कोणी द्यायचे हे त्याच्या प्राध्यापकालाही ठाऊक नसते. पुण्याच्या संस्थांनी आपल्या यंत्रांचा अगदी लहानसा वाटा, दोन-चार टक्के, जिल्ह्याच्या महाविद्यालयांसाठी राखून ठेवला, त्यावर चित्रे पाहण्यापुरती यंत्रे मोकळी केली आणि खाते देण्याचा अधिकार नांदेडच्या विद्यापीठाकडे सोपवला, तर त्याला नवे यंत्र लागत नाही, नवी तार लागत नाही. दुधाळ्याच्या भुजा बांधून व्हायला काही वर्षे आहेत. लायगोचा आजवरचा खुला डेटा तोवरच्या शिकण्याला पुरून उरेल.